पांढऱ्या डागावर काय लावावं: फ्लोराइड वार्निश की पेप्टाइड?

दाढेवर खडूसारखा पांढरा डाग (म्हणजे किडीची सुरुवात) आहे, पण खड्डा पडलेला नाही, तेव्हाच ही निवड करता येते. खड्डा पडला असेल तर दोन्ही बाद, दाढ भरूनच घ्या.

फ्लोराइड वार्निश स्वस्त, ब्रशने झटपट लागतं. सहसा ५ टक्के सोडियम फ्लोराइड. परिणाम मुख्यतः वरच्या थरात.

पी११-४ हे लीड्स विद्यापीठात घडवलेलं पेप्टाइड, म्हणजे ११ अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) छोटी साखळी. त्याचा थेंब सच्छिद्र झालेल्या एनॅमलमध्ये (दाताच्या कडक बाहेरच्या थरात) झिरपतो, आतल्या आम्लतेत रेणू आपोआप जुळून तंतूंचं जाळं होतं आणि लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट त्यावर बसू लागतं. कल्पना देखणी, खिशाला मात्र जड! मुलांना मी आधी वार्निशच लावून घेईन. त्यामागचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. पेप्टाइड घ्यायचंच तर फ्लोराइडच्या जोडीला.