शेळ्या फक्त सकाळीच दाखवतात, कारण...

नागपूरच्या उमरेड रोडकडच्या एका शेळीफार्मवरून आम्ही काही गाभण शेळ्या आणि पैदाशीचा म्हणून एक बोकड घेतला. मालकाचा एकच आग्रह होता, "भाऊ, सातच्या आत या. उन्हात जनावर दमते." त्या सातचं कारण नंतर कळलं तेव्हा संताप झाला.

हिमॉन्कस नावाचा जंत शेळीच्या चौथ्या पोटात चिकटून रक्त पितो. रक्तातली प्रथिनं घटली की जबड्याखाली पाणी साचतं. दिवसभर मान खाली घालून चरलं की ही सूज संध्याकाळी फुगते आणि रात्रभर गोठ्यात राहिल्यावर बरीच ओसरते. सकाळी गिऱ्हाईकाला दिसणार काय? आमच्याकडे दुसऱ्याच संध्याकाळी तीन शेळ्यांच्या गळ्याखाली पिशव्या लोंबल्या. फोन केला तर उत्तर, "पाणी बदललं, होते तसं."

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेल्या. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून दाखवली. आतून लालसर हवी ती पांढरीफटक. लेंड्यांत जंताची अंडी खच्चून. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते, म्हणजे आमचं चराईचं रानही बाधलं आणि घरच्या जुन्या शेळ्याही धोक्यात आल्या. "मागच्याच आठवड्यात जंतनाशक पाजलं" असं फार्मवाल्यानं रजिस्टर उघडून दाखवलं होतं!

बोकडाचं तर त्याहून वाईट. अंडकोशात एकच गोळी (वृषण) होती. मी विचारलंही, तर म्हणाला, "वयात आला की दुसरी उतरते." साफ खोटं. करडू जन्मतं तेव्हाच दोन्ही गोळ्या खाली असायला हव्यात. एक पोटात अडकलेला बोकड शेळ्या गाभण करतो, पण हा दोष पिढीतून पुढे जातो, म्हणून तो पैदाशीला ठेवायचाच नसतो. इतरांच्या कळपात असे बोकड खपवणं हा माझ्या मते गुन्हाच आहे.

पैसे मागितले, त्यानं नंबर ब्लॉक केला.

आणखी एक. आम्ही शेळ्या घेऊन निघताना त्यानं अल्बेंडाझोल या जंतनाशकाची बाटली हातात दिली होती, "सगळ्यांना पाजा" म्हणून. नुकत्याच भरलेल्या शेळ्यांना! गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात ते दिलं तर करडं व्यंग घेऊन जन्मू शकतात. कॉलेजात डॉक्टरांनी बाटली बघताच थांबवलं. फार्मवाल्यानं फुकट दिलेलं औषध पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय पाजू नका, आणि शेळ्या बघायला संध्याकाळी चारून आल्यावरच जा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.