धरमपेठेतलं समुपदेशन केंद्र: ताई पक्क्या, भिंत कच्ची

ऐन कुलरच्या सीझनात, भर दुपारी शटर पाडून मी समुपदेशनाला गेलो, यावरून माझी हालत समजून घ्या. नागपुरातल्या मानेवाड्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. घराच्या वाटणीवरून दादाशी भांडण, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. एका गिऱ्हाइकानं हे केंद्र सांगितलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

तिथल्या ताई सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या समाजसेविका. भिंतीवर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली मास्टर्स) आणि त्यावर दोन वर्षांच्या एम.फिल.चं प्रमाणपत्र. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एवढं शिक्षण लागतंच म्हणे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "भाऊ, तुमचं बोलणं गुप्त ठेवणं कायद्यानंच माझ्यावर आहे, कलम २३. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर गरजेपुरतं सांगावं लागेल. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ खाली कळवणं भागच आहे. आणि कोर्टात वकिलासारखं संरक्षण मला नाही."

हे ऐकून मी अर्धा उठलोच होतो. दादाचं डोकं फोडीन, असं रोज मनात यायचं. बोलू का नको? दुसऱ्या खेपेला बोललो. त्यांनी लगेच फोन उचलला नाही. कधी येतं हे मनात, कशानं मारणार, पिता का, दादा राहतो किती लांब, असं शांतपणे विचारत राहिल्या. रागाचं बोलणं कोणतं आणि बेत कोणता, हे त्यांना बरोबर कळतं.

जूनमध्ये दादाला कुठून तरी खबर लागली. त्यानं थेट केंद्रात फोन लावला. उत्तर मिळालं, "इथे कोण येतं, कोण येत नाही, आम्ही सांगत नाही." दादा वहिनीजवळ चिडला, वहिनी माझ्या बायकोजवळ बोलली, तेव्हा मला कळलं. पैसे तिथेच वसूल झाले बाप्पा!

आता तक्रार. ताईंची खोली आणि बाहेरचं बाकडं यांच्यात नुसती प्लायवूडची फळी. मे-जूनमध्ये खिडकीतला कुलर असा घरघरायचा की आतलं काही कानावर यायचं नाही. जुलैत पाऊस लागला, कुलर बंद झाला आणि बाकड्यावर बसल्या-बसल्या एका बाईंच्या घरचं अख्खं प्रकरण मला ऐकू आलं. कोणतं ते लिहीत नाही. उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. मग आठवलं, दुसऱ्या खेपेला मधेच लाइट गेली होती. त्यात रिसेप्शनवरचा पोरगा आडनावासकट नाव पुकारतो, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

ताईंना सांगितलं तर ओशाळल्या, मालकांशी बोलते म्हणाल्या. महिना झाला, फळी तशीच.

ताईंना पाच तारे, केंद्राला दोन. जाणं काही सोडलं नाही. मागच्या आठवड्यात दुकानातला एक जुना एक्झॉस्ट फॅन नेऊन त्या फळीवर बसवून दिला. बेअरिंग मुद्दामच बदललं नाही.