सेकंड-हँड लॅपटॉप घेताय? पैसे देण्याआधी बायोस उघडायला लावा

कंपन्यांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप दणकट असतात, स्वस्तात मिळतात, म्हणून विद्यार्थी तेच घेतात. भाचीसाठी आम्हीही असाच लेनोवोचा एक थिंकपॅड घेतला. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, वायफाय सगळं दुकानातच तपासलं होतं. विंडोजही झकास चालत होतं.

भाची डिप्लोमाला आहे, तिला विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम हवी होती. ती टाकायला पेनड्राइव्ह लावला, तर मशीन त्याच्याकडे बघेचना. सेटिंग बदलायला बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम, उघडावा म्हणून सुरू होताना एफ१ दाबलं, तर कुलपाचं चित्र आणि पासवर्डची रिकामी चौकट. दुकानदाराने फोनवर एकेक पासवर्ड सांगितला, एकही लागला नाही. तीनदा चुकलं की ०१९९ नंबरचा एरर येतो, मग बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

"काही नाही हो दादा, आतला सेल काढा, पासवर्ड उडतो," असं तो म्हणाला. हे साफ खोटं आहे. थिंकपॅडच्या बायोसला कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरच्या अशा चिपमध्ये असतो की वीज गेली तरी तो पुसला जात नाही. सेल काढून फार तर घड्याळ मागे जातं. हा पासवर्ड विसरला तर मदरबोर्ड बदलावा लागेल, असं लेनोवो स्वतःच सांगते. काही कंपन्या मालकीचा पुरावा बघून मदत करतात, पण आमच्या हातात होतं कच्चं बिल, त्यावर सिरियल नंबरच नाही. नंबर का घातला नव्हता, ते तेव्हा कळलं.

पुढे दुकानदाराची भाषा बदलली. "वॉरंटी हार्डवेअरची आहे, पासवर्ड सॉफ्टवेअरमध्ये येतो." मला सर्वांत जास्त राग आला तो रिपेअरिंगवाल्याने दाखवलेल्या गोष्टीचा. या मशीनवर पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताच येत नाही, म्हणजे बहुधा डिस्क बाहेर काढून, दुसऱ्या मशीनवर भरून परत बसवली असणार. तसं असेल तर कुलूप आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

लिनक्स नको असलं तरी हे कुलूप नडतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि ते बायोसमध्ये बंद असेल तर चालू कोण करणार? पासवर्डची चिप फ्लॅश करून, म्हणजे तिच्यातला डेटा नव्याने लिहून, देणारे भेटतात, पण त्यात बोर्ड मेला तर कुणी जबाबदारी घेत नाही.

म्हणून दुकानातच मशीन रीस्टार्ट करायला लावा. लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. नुसता बायोस उघडला म्हणून खूश होऊ नका. काही मशीनवर पासवर्ड न टाकताही आत जाता येतं, फक्त बरंच काही बदलता येत नाही. सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड लावलेला आहे का, ते बघा. स्वतःचा पेनड्राइव्ह न्या आणि त्यावरून मशीन सुरू करून दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर उठा. आणि पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, घ्याच.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, तोही अर्ज तयार आहे. दुकानदार आता 'दुसरा बोर्ड टाकून देतो' म्हणतोय. तो बोर्ड कुठल्या लॉटमधला, हे विचारल्यावर उत्तर नाही. आम्हाला बोर्ड नको, पूर्ण पैसे परत हवेत.