कपकेकसाठी लायनर घेताय? साधा पांढरा ग्रीसप्रूफच घ्या

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला बेकिंगचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे पांढरे, कसलीही नक्षी नसलेले ग्रीसप्रूफ (तूप-तेल न झिरपणारे) लायनर, म्हणजे कपकेक ज्यात भाजतात त्या चुण्यांच्या कागदी वाट्या, मिळतात. तळ ५० मिलिमीटर, उंची ३२ मिलिमीटरच्या आसपास. घरी कपकेक करणारं कुणीही विचारलं तर मी हेच घ्यायला सांगते. ठिपक्यांचे, पट्ट्यांचे, सोनेरी, ट्यूलिपसारखे, सिलिकॉनचे असे बरेच प्रकार वापरून बघितल्यावर माझं हे मत झालंय आणि त्यावर मी ठाम आहे.

मी कोथरूडला राहते. घरून वाढदिवसाच्या ऑर्डरी घेते आणि माझे बहुतेक कपकेक बिनअंड्याचे असतात. ते का सांगते, तर लायनरची खरी परीक्षा बिनअंड्याच्या केकमध्येच होते. अंडं आणि भरपूर बटर घातलेला व्हॅनिला कपकेक कुठल्याही कागदातून सुटतो. कंडेन्स्ड मिल्क, दही आणि थोडंसं तेल घालून केलेल्या केकचं तसं नाही. त्यात स्निग्धांश कमी आणि साखर जास्त असते, गाभाही ओलसर राहतो. असं मिश्रण साध्या कागदात भाजलं की ते कागदाच्या तंतूंमध्ये शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. मग खाणारा कागद ओढतो आणि केकची अर्धी बाजू कागदालाच लागून येते. वाढदिवसाला आलेलं पाच वर्षांचं मूल तो कागद दातांनी खरवडत बसतं. ते दृश्य मला बघवत नाही, कारण त्या केकसाठी कुणीतरी पैसे मोजलेले असतात आणि मी सकाळपासून उभी असते.

ग्रीसप्रूफ कागद वेगळा असतो तो तयार करण्याच्या पद्धतीमुळे. त्याचा लगदा खूप वेळ कुटलेला असतो, त्यामुळे तंतू एकमेकांत गच्च बसतात आणि तूप-तेलाला आरपार जायला वाट उरत नाही. काही कागदांना वरून लेपही दिलेला असतो. दुकानात ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. थप्पीतला एक लायनर सुटा करायचा, चिमटीत धरून उजेडासमोर न्यायचा. चांगला कागद सगळीकडे एकसारखा दिसतो, ढगाळ ठिपके दिसत नाहीत. मग बाजूच्या चुण्या दोन बोटांनी ताणून सोडायच्या. त्या पुन्हा मिटल्या तर घ्यायचा. ताणलेल्या तशाच फाकून राहिल्या, तर मिश्रण पडताच तो कप बाहेरच्या बाजूला झुकणार आणि केक लंबगोल होणार. पक्की खात्री करायची असेल तर एक पाकीट घरी आणा, लायनर टिश्यूवर ठेवून त्यात चमचाभर तेल ओता आणि तासाभराने उचलून बघा. टिश्यू कोरडा राहिला तर तो कागद कामाचा आहे.

मापाचा घोळ बहुतेकांचा होतो आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण पाकिटांवर मापं दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी छापलेली असतात. काहींवर ५० एमएम असतं, म्हणजे तळाचा व्यास. काहींवर ११.५ सेंटीमीटर असतं, म्हणजे चुण्या उलगडून कागद सपाट केला तर भरणारा पूर्ण व्यास. तळ ५ सेंटीमीटर आणि दोन्ही बाजूंच्या भिंती सव्वातीन-सव्वातीन, की झाले साडेअकरा. म्हणजे दोन्ही पाकिटांत एकच लायनर! पाकिटावर १२.५ लिहिलेलं असेल तर भिंत उंच किंवा तळ मोठा असतो, आणि तो आपल्याकडच्या नेहमीच्या मफिन ट्रेच्या काठावर येतो. घरातल्या ट्रेच्या एका खळग्याचा तळ पट्टीने मोजून तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात तोच सांगा. पातळ अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त ट्रे बऱ्याचदा तळाशी निमुळते असतात. त्यात ५० चा लायनर बसवला की तळाला सुरकुती पडते आणि तीच सुरकुती केकच्या बुडाला उमटते. अशा वेळी लायनर बदलू नका, ट्रे बदला. जाड पत्र्याचा, कोटिंग असलेला सहा खळग्यांचा ट्रे घरगुती ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) व्यवस्थित मावतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

दुकानाबद्दलही सांगते. मी ज्या दुकानात जाते तिथे काउंटरवरचे काका स्वतःहून विचारतात, ‘बिनअंड्याचं करता का ताई?’ हो म्हटलं की छापील रंगीत पाकीट बाजूला सारून पांढरं पुढे करतात. महाग माल गळ्यात मारायचा प्रयत्न माझ्या बाबतीत तरी कधी झाला नाही. एखादा लायनर हातात घेऊन बघू देतात, पाकीट फोडलं म्हणून कुरकुरत नाहीत. मागच्या खेपेला पांढऱ्या ग्रीसप्रूफची शंभराची थप्पी मला ९० रुपयांना पडली. त्याच्या शेजारी दिसायला तसाच पांढरा, पण साधा कागद ५० रुपयांना होता. पाहुण्यांसाठी शंकरपाळे, चिवडा किंवा लाडू ठेवायला तो ५० चा उत्तम, भाजायला मात्र नको. हा फरक काकांनी न विचारता सांगितला, याचं मला फार कौतुक वाटतं. गर्दी प्रचंड असते, दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही, म्हणून गाडी मंडईकडे लावून चालत जाणं बरं. दिवाळी आणि नाताळच्या आधीचा आठवडा टाळा. तेव्हा बोलायला कुणाला सवड नसते आणि मापं नीट बघून घेता येत नाहीत.

ऑनलाइनही मागवून पाहिले. फोटोत गर्द लाल दिसणारे लायनर एका विक्रेत्याकडून आले, ते लालच होते. पण ओव्हनमधून बाहेर आले तेव्हा तेलाने डागाळून विटकरी झाले होते आणि केकच्या कडेला गुलाबी झाक आली होती. तो सगळा घाणा मी टाकून दिला. कागदाचा रंग अन्नात उतरतोय हे डोळ्यांना दिसल्यावर दुसरा विचारच नाही. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाबद्दल एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे २०१८ चे नियम आहेत. छपाईची शाई कशी असावी हेही त्यात ठरवून दिलंय, आणि वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला तर सरळ मनाईच आहे. म्हणून रंगीत लायनर घ्यायचेच असतील तर पाकिटावर ‘फूड ग्रेड’ आणि किती तापमानापर्यंत चालतो हे छापलेलं असेल तरच घ्या. नाव-गाव नसलेल्या पारदर्शक पिशवीतले घेऊ नका. बऱ्याच चांगल्या रंगीत लायनरची आतली बाजू पांढरी असते आणि रंग फक्त बाहेरून असतो, हीही एक खूण.

पांढऱ्याची एक मर्यादा मान्य करते. चॉकलेट केक भाजल्यावर पांढरा कागद आतून तपकिरी दिसतो, जरा मळका वाटतो. त्यासाठी मी गडद तपकिरी ग्रीसप्रूफ घेते. तो त्याच दुकानात मिळतो, थोडा महाग पडतो आणि चॉकलेटवर झकास दिसतो. व्हॅनिला, केशर-पिस्ता, आंबा, गुलकंद या सगळ्यांना पांढराच. आंब्याच्या कपकेकचा पिवळा रंग पांढऱ्या कागदातून किंचित झिरपल्यासारखा दिसतो, आणि मला तो छापील फुलांपेक्षा कितीतरी सुंदर वाटतो. इराण्याच्या बेकरीतला मावा केक आठवा. साधा कागद, त्यात तुपाने मऊ झालेला केक. त्या कागदावर कुणी कधी नक्षी शोधली नाही.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. फॉइलचे लायनर स्वतःच्या बळावर उभे राहतात, त्यामुळे मफिन ट्रे नसेल तर सपाट ट्रेवर ओळीने मांडून भाजता येतं. ट्रे न घेतलेल्या नवशिक्याला मी हेच सुचवते. आतला पातळ कागद वेगळा असतो, तो काढून टाकू नका. पण मायक्रोवेव्ह मोडवर फॉइल अजिबात चालवायचं नाही, धातू आहे तो. जाड, ताठ, काठ वळवलेले कागदी कप ऑर्डरीसाठी छान. डब्यात हलत नाहीत, क्रीमचा उंच मनोरा पेलतात. मात्र ५० नगांना १७० रुपये दिले होते मी, म्हणजे एका कपकेकमागे जवळपास साडेतीन रुपये नुसत्या कागदाचे. ते किमतीत धरायला विसरू नका. ट्यूलिप लायनर विकत घेऊ नका. बेकिंगच्या पार्चमेंट कागदाचे साधारण १३ सेंटीमीटरचे चौकोन कापा, खळग्यात बसेल अशा पेल्याच्या बुडावर दाबून घड्या पाडा, झाले ट्यूलिप. सिलिकॉनचे कप धुऊन परत वापरता येतात. घरच्यांसाठी नाचणीचे कपकेक करायचे तर मी तेच काढते, कारण नाचणीत ग्लूटेन नसल्याने केक भुसभुशीत होतो आणि कागद सोलताना तुटतो. सिलिकॉन मागून दाबला की केक अख्खा बाहेर येतो. त्याच कपांत ढोकळाही वाफवते. ऑर्डरीसाठी त्यांचा उपयोग नाही, कारण कप परत येत नाहीत.

आता वापराचं. लायनर कितीही चांगला असला तरी वापरताना हयगय केली तर तो साथ देणार नाही.

थप्पीतून एकेक लायनर सुटा करताना नख लावू नका, चुण्या चपट्या होतात. थप्पीच्या काठावर हलकी फुंकर मारली की वरचा आपोआप सुटतो. दोन लायनर एकत्र गेले तर बाहेरचा भाजल्यावर सैल पडतो आणि ग्राहकाला केक सुटून आल्यासारखा वाटतो. एका कपात ४५ ते ५० ग्रॅम मिश्रण, म्हणजे दोन तृतीयांश. मी काटा ठेवूनच भरते. आईस्क्रीमचा स्कूप असेल तर सगळे सारखे भरतात आणि मिश्रण काठावर सांडत नाही. काठावर सांडलेला थेंब लगेच टिपून घ्या, तो करपून कागदावर काळा डाग सोडतो. लायनरला तेलाचं बोट फिरवायची गरज नाही. ग्रीसप्रूफला तर मुळीच नाही, उलट बाहेरून तेलकट डाग दिसतात. बटर जास्त असलेला केक असेल तर लायनर बसवण्याआधी खळग्यात कोरडे तांदूळ पसरा, जेमतेम बूड झाकेल इतके. बाहेर आलेलं तूप ते शोषून घेतात.

माझ्या ओटीजीत १७० अंशांवर १८ ते २२ मिनिटं लागतात. बाहेर काढल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम असतं: पाच मिनिटांत कपकेक ट्रेमधून उचलून जाळीवर ठेवणं. गरम ट्रेत राहिले की तळाशी वाफ कोंडते, कागद ओला होतो आणि गार होताना केकपासून सुटतो. लायनर आपोआप उलगडून पडले अशी तक्रार ज्या मैत्रिणी करतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, नाहीतर कोमट कपकेक डब्यात भरून झाकण लावलेलं असतं. कागदाला दोष देण्याआधी हे तपासा. आणि गरम असताना सोलून बघू नका. पूर्ण गार झाल्यावर, चुण्यांच्या टोकाला धरून, तळाकडे हळूहळू ओढत सोलायचा. बोहरी आळीचा पांढरा कागद असा सोलला की केकवर चुण्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या दिसतात आणि कागदावर चार-दोन कणच राहतात. बिनअंड्याच्या केकला एवढं जमतंय म्हणून तर मी त्याचं इतकं गुणगान करतेय.

पावसाळ्यात लायनर सादळतात. पाकीट उघडलं की उरलेले मी बरणीत उपडे घालून ठेवते, म्हणजे थप्पीच्या भाराने चुण्या मिटलेल्या राहतात, आणि बरणीला घट्ट झाकण लावते. ठाण्याला राहणारी माझी नणंद तिथल्या दमट हवेमुळे बारा महिने असंच करते. सादळलेले असतीलच तर ट्रेत मांडून गरम ओव्हनमध्ये दोन मिनिटं ठेवा, नंतरच भरा.

मिनी कपकेकसाठी त्याच दुकानात ३२ मिलिमीटर तळाचे मिळतात. शाळेत वर्गाला वाटायचे असतील तर हेच घ्या. एकात जेमतेम चमचाभर मिश्रण, १० ते १२ मिनिटांत तयार, मुलांच्या दोन घासांचे. त्यातही पांढरेच मागा, आणि दोन थप्प्या एकदम घ्या, कारण हे माप दर वेळी शिल्लक असेलच असं नाही.