लाकूड जुनं, खुर्ची नवी: ‘चंदीगड चेअर’ घेण्याआधी हे वाचा

आम्ही भुसावळच्या बाजूच्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानातून ‘ओरिजिनल चंदीगड चेअर’ची जोडी ८५ हजारांना घेतली. ती बनावट निघाली. तक्रार चालू असल्याने दुकानदाराचं नाव देत नाही, पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते. आपल्या खान्देशात ही फसवणूक फार सोपी आहे आणि त्याचं कारण आपल्याच पडक्या वाड्यांत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहत होतं, तेव्हा तिथली कार्यालयं, कॉलेजं, कोर्ट यांच्यासाठी साग आणि शिसवीचं फर्निचर तयार झालं. चंदीगडचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कार्बुझिए यांच्या नात्यातले आणि सहकारी पिएर जॅनरे यांचं नाव त्याला जोडलं जातं. युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुविशारदांचाही त्यात वाटा होता. जॅनरे १९६५ पर्यंत तिथेच होते. उलट्या व्ही आकाराचे पाय, वेताची बैठक, वेताची पाठ, ही त्यातली सगळ्यांत ओळखीची खुर्ची. पुढे मोडक्या खुर्च्या भंगाराच्या भावात लिलावात गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि बाहेरच्या लिलावांत त्यांना लाखांत बोली लागायला लागली. तिथून नकलांचा धंदा सुरू झाला.

आम्हाला सांगितलेली गोष्ट अशी: रेल्वेतले एक साहेब चंदीगडहून बदलून आले, येताना लिलावातल्या खुर्च्या घेऊन आले, निवृत्तीनंतर मुलांनी विकून टाकल्या. भुसावळमध्ये ही गोष्ट कुणालाही पटेल. अख्खं गाव रेल्वेचं, देशभरातून माणसं बदलून येतात. “ताई, लाकूड हातात घेऊन बघा, असं सागवान आता मिळतं का?” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लाकूड खरोखरच जुनं होतं. जड, तेलकट, गडद. मिस्टरांनी नखाने खरवडून पाहिलं, तरी शंका येण्यासारखं काही नव्हतं.

एका खुर्चीचा वेत महिन्याभरात सैल पडला म्हणून आमच्या घरी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सुतारआबांना बोलावलं. त्यांनी खुर्ची उलटी केली, बराच वेळ बोट फिरवत बसले आणि म्हणाले, “ताई, लाकूड जुनं शे, खुर्ची नवी शे.”

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला त्यांनी एक काळा डाग दाखवला. सागात लोखंडी खिळा वर्षानुवर्षं राहिला की त्याच्याभोवती लाकूड काळं पडतं. मधलं भोक लाकडाच्या भुशाने आणि लांबीने (पुट्टीने) बुजवलेलं होतं. खुर्चीच्या पायाला त्या जागी खिळ्याचं काही कामच नाही, आणि मुख्य म्हणजे तो काळा गोल अर्धाच होता. पायाचा उतार कापताना करवत त्या डागातून आरपार गेली होती. म्हणजे खिळा आधीचा, पाय नंतरचा. हे कुठल्या तरी वाड्याच्या तुळईचं किंवा दाराच्या चौकटीचं लाकूड होतं. धुळे, अमळनेर, चोपडा, पारोळा, कुठेही जा, वाडे पाडले जातायत आणि सागवान वजनावर किंवा फुटावर विकलं जातंय. साठ-सत्तर वर्षांच्या खुर्चीची नक्कल शंभर वर्षांच्या लाकडात केली तर लाकूड तपासून काय कळणार?

मग आबांनी वेत ओवायच्या भोकांत आगपेटीची काडी फिरवली. पिवळाधमक ताजा भुसा बाहेर आला. खरी खुर्ची असती तर वेत दोन-तीनदा तरी बदलला गेला असता, भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या असत्या, आत मळ आणि जुनं पॉलिश बसलं असतं. आमच्या खुर्चीत कडा धारदार होत्या. काळपट रंग वरवरचा होता. ओल्या पांढऱ्या फडक्याने बैठकीखालची बाजू पुसली तर फडकं तपकिरी झालं. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी मारून लाकूड जुनं दाखवतात, हे आबांनी ऐकलेलं होतं. आमच्या खुर्चीला नेमकं काय लावलं होतं ते आम्ही तपासून घेतलेलं नाही.

झीजही खोटी होती. माणूस बसतो-उठतो तेव्हा खुर्चीच्या हाताच्या पुढच्या टोकावर जोर देतो, मागे रेलतो, खुर्ची फरशीवरून ओढतो. लाकूड तिथेच झिजतं. आमच्या खुर्च्यांचे दोन्ही हात सारखेच झिजलेले होते, आणि हाताच्या खालची बाजूसुद्धा, जिथे कुणाचा तळवा कधी लागत नाही. ते पॉलिश पेपरचं काम होतं.

आता खुर्चीवर रंगवलेल्या पांढऱ्या अक्षरांबद्दल, कारण सगळे त्यालाच भुलतात. चंदीगडच्या खुर्च्यांवर रंगाने किंवा ठोकून संस्थेची आद्याक्षरं आणि नंबर टाकलेला असायचा. ती करणाऱ्याची सही नव्हे, ती कचेरीच्या सामानाच्या यादीतली नोंद. चार अक्षरं रंगवायला कितीसा वेळ लागतो? आमच्या जोडीला अक्षरं होतीच, वर पितळी पट्टीवर जॅनरे यांचं नावही होतं. अशी नावाची पट्टी दिसली की तिथूनच मागे फिरा. सरकारी कचेरीची खुर्ची होती ती, तिच्यावर डिझायनरचं नाव कोण लावणार? डेन्मार्क-अमेरिकेतल्या कारखान्यांच्या खुर्च्यांवर शिक्का किंवा लेबल सापडतं. तो नियम इथे लावता येत नाही.

लिलावाची पावती म्हणून झेरॉक्स मिळाली होती. तिच्यावर ‘मोडक्या खुर्च्या’ एवढंच, नंबर एकही नाही, आणि साल २०१४. पण चंदीगडचं हे वारसा फर्निचर विकू नये, देशाबाहेर जाऊ देऊ नये, असे निर्देश केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्येच दिले होते. नंतरच्या तारखेची पावती कुणी दाखवली तर ती कोणत्या खात्याने, कोणत्या आदेशाने दिली ते विचारा आणि मूळ कागद मागा.

आम्ही परत गेलो तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, “मी लाकूड जुनं आहे असं म्हटलं होतं, ते जुनंच आहे.” बिलावर त्याने लिहिलं होतं, ‘सागवानी खुर्ची, २ नग’. चंदीगड नाही, साल नाही, ओरिजिनल हा शब्द नाही. आमच्या बाजूने उभे राहिले ते त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, ज्यांत ‘१९५५ चा ओरिजिनल पीस, गॅरंटी’ असं त्याने स्वतः लिहिलं होतं. ते मेसेज, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, काळ्या डागाचे फोटो आणि आबांचं लेखी म्हणणं जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पोलिसांकडेही अर्ज दिलाय.

तुम्ही अशी खुर्ची बघायला जाणार असाल तर सोबत एखादा जुना सुतार न्या आणि दुकानातच खुर्ची उलटी करायला सांगा. पसंत पडली तर पैसे देण्याआधी बिलावर कोणत्या काळातली, कुठून आली, वेत-पाय-स्क्रू यांतलं काय बदललंय आणि खोटी ठरल्यास पूर्ण रक्कम परत, हे लिहून सही घ्या. लिहून द्यायला जो कचरेल, त्याच्याकडून घेऊ नका.