ॲण्ड्रॉइडवरील ईस्पीक एनजी : रोज ऐकणाऱ्याचे परीक्षण

ॲण्ड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा अंध व्यक्तींसाठीचा स्क्रीन रीडर पडद्यावर काय आहे ते शोधतो, मात्र ते प्रत्यक्ष बोलून दाखवण्यासाठी त्याला टेक्स्ट-टू-स्पीच इंजिनाची, म्हणजे मजकुराचा आवाज करणाऱ्या सॉफ्टवेअरची, गरज लागते. रोजच्या वाचनासाठी मी ईस्पीक एनजी हे मुक्तस्रोत इंजिन वापरतो. एका यंत्रणेसाठी लिहिलेले सहायक सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रणेवर कसे न्यावे, याचे इतके चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

या इंजिनाचा प्रवास मोठा आहे. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ पासून एकॉर्न कंपनीच्या, रिस्क ओएस या यंत्रणेवर चालणाऱ्या संगणकांसाठी ते लिहायला घेतले. पुढे ते नव्याने लिहिले गेले, लिनक्सवर रुळले आणि विंडोजवर एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबर घरोघरी पोहोचले. ॲण्ड्रॉइडवरच्या आवृत्तीचे मोठे काम रीस डन यांनी केले आणि २०१५ मध्ये एनजी ही नवी शाखा त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. एनव्हीडीए स्वतः मात्र विंडोजपुरताच राहिला, कारण स्क्रीन रीडर त्या त्या यंत्रणेच्या खिडक्या, बटणे आणि याद्या ओळखण्याच्या पद्धतीशी पुरता बांधलेला असतो. इंजिनाला फक्त मजकूर घ्यायचा आणि ध्वनी द्यायचा असतो. शिवाय ईस्पीक माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज साठवत नाही, तर स्वरांचे अनुनाद गणिताने घडवते. त्यामुळे शंभरांहून अधिक भाषा आणि बोलींचे सामान अवघ्या काही एमबीत मावते, आणि इंटरनेट नसले तरी काही अडत नाही.

तरीही सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड नव्या यंत्रणेवर चालू झाला म्हणजे काम संपले, असे होत नाही. ॲण्ड्रॉइड भाषेची विचारणा ‘एमएआर’ अशा तीन अक्षरी संकेताने करते, तर ईस्पीकच्या घरात मराठीचे नाव ‘एमआर’ आहे. ही जुळवणी कोणीतरी नीट बसवली, म्हणून मराठी आवाज सेटिंग्जमध्ये निवडता येतो. बोट पुढे सरकताच आधीचे वाक्य तिथल्या तिथे थांबावे लागते. या बाबतीत हे इंजिन फार चपळ असून, यादीतून भराभर पुढे जाताना ते मागे रेंगाळत नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ॲण्ड्रॉइड ७.० पासूनच्या सांकेतिकीकरणाच्या (एन्क्रिप्शनच्या) व्यवस्थेत फोन पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ॲपची नेहमीची साठवण बंद राहते. आवाजाच्या फाइली तिथेच ठेवल्या, तर पिनचे आकडे ऐकण्याची नेमकी गरज असते त्या क्षणी इंजिन मुके होईल आणि अंध माणसाला स्वतःचाच फोन उघडण्यासाठी दुसऱ्याला पिन सांगावा लागेल. ईस्पीकच्या या आवृत्तीत त्या फाइली कुलूप उघडण्याआधीही वाचता येतील अशा साठवणीत ठेवलेल्या आहेत. वापरणाऱ्याची अडचण ओळखून केलेले काम ते हेच, आणि त्यासाठी मी या मंडळींचा मनापासून ऋणी आहे.

आता आवाजाविषयी. तो यांत्रिक आहे आणि नवख्या कानाला खटकतो. गूगलचा मराठी आवाज त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसासारखा वाटतो. कथा-कादंबरी ऐकायची असेल, तर मीही ईस्पीक सुचवणार नाही. पण पत्रे, बातम्या, अर्जांचे रकाने भराभर ऐकायचे असतील, तर वेग वाढवल्यावरही त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. मूळ इंजिनाची वेगमर्यादा मिनिटाला ८० ते ४५० शब्द अशी असून, सवय झालेल्या कानाला वरचा टप्पाही झेपतो. स्वराची पट्टी, चढउतार आणि आवाजाचा प्रकार बदलता येतो. माझ्या मते चढउतार थोडा कमी ठेवल्यास दीर्घ वाचन सुसह्य होते.

मराठीची खरी कसोटी उच्चारात लागते. ‘बसतो’ लिहिले तरी आपण ‘बस्तो’ म्हणतो. हा ‘अ’चा लोप लिपीत दिसत नाही, तो नियमांनी ठरवावा लागतो, आणि सामासिक शब्दांत असे नियम अडखळण्याची शक्यता फार. ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यांतले ‘ज’ तर वेगळे, पण लेखन एकच. एकट्या शब्दाकडे पाहणाऱ्या नियमाला त्यांतला एकच उच्चार देता येतो, तेव्हा ऐकणाऱ्याने दुसरा मनात दुरुस्त करून घ्यायचा. बातमी ऐकताना ते चालते, कविता ऐकताना मात्र सल राहतो.

हे सुधारण्याची वाट मात्र खुली आहे. मराठीचे उच्चारनियम आणि अपवादांची यादी साध्या मजकुराच्या फाइलींत असून, त्या लिनक्स, विंडोज आणि ॲण्ड्रॉइड या तिन्हींसाठी सामाईक आहेत. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे कोणालाही त्यांत दुरुस्ती सुचवता येते आणि ती स्वीकारली गेली की पुढच्या आवृत्तीतून सगळीकडे पोहोचते. ज्यांना मराठी उच्चारांची जाण आहे त्यांनी, प्रोग्रॅमिंग येत नसले तरी, अपवादांची यादी एकदा उघडून पाहावी. वापरून पाहायचे असेल त्यांनी ॲप एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपच्या भांडारातून घ्यावे, एकदा उघडून आवाजाच्या फाइली तयार होऊ द्याव्यात आणि मगच सेटिंग्जमध्ये पसंतीचे इंजिन बदलावे.