थरथरत्या डोळ्यांवर आरजीपी लेन्स : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मला जन्मापासून निस्टॅग्मस आहे. माझी बुबुळे सतत आडवी हलत असतात आणि ती थांबवणे माझ्या हाती नाही. स्मार्ट लेन्सने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सने, हा दोष बरा होतो, असे कुणीतरी सांगितल्यावरून मी चौकशी केली, तेव्हा तशी लेन्स बाजारात नाही हे कळले. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ट्रिगरफिश ही स्मार्ट लेन्स काचबिंदूच्या तपासासाठी २४ तास नोंदी घेते, उपचार करत नाही. आणि अश्रूंतील साखर मोजणाऱ्या लेन्सवरचे गूगलचे काम २०१८ मध्ये थांबले. अखेर तपासणाऱ्यांनी साधी आरजीपी लेन्स, म्हणजे प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक कॉन्टॅक्ट लेन्स, सुचवली.

चष्म्याशी तुलना केल्यावर तिचे मोल समजते. चष्म्याची काच जागच्या जागी राहते आणि डोळा तिच्यामागे हलत राहतो, त्यामुळे नजर काचेच्या मध्यातून क्षणभरच जाते. त्यात निस्टॅग्मस असलेल्या अनेकांप्रमाणे मीही मान एका बाजूला वळवून पाहतो, कारण त्या कोनात थरथर सर्वांत कमी असते. पण तसे पाहताना नजर नेमकी काचेच्या कडेतून जाते आणि जाड नंबरात कडेची आकृती वाकडी दिसते. लेन्स बुबुळाबरोबर हलते, म्हणून ही अडचण उरत नाही. शिवाय बुबुळाच्या वक्रतेतील असमानता लेन्सखालचा अश्रूंचा थर भरून काढतो, त्यामुळे सिलिंड्रिकल नंबरही बराचसा सुटतो.

थरथर मात्र कमी झालेली नाही. लेन्सचा पापणीला होणारा स्पर्श जाणवून डोळा शांत होतो, अशी मांडणी जुनी आहे, पण माझ्या आरशात तरी तसे काही दिसले नाही. ‘उपचार’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यांना नकार द्यावा.

खरा कस लागतो तो माप घेताना. डोळा स्थिर नसल्याने वक्रतेचे आकडे दर वेळी वेगळे येत होते; तपासणाऱ्यांनी न कंटाळता चाचणीच्या लेन्स बदलून पाहिल्या, आणि तिसऱ्या भेटीत जोडी बसली. घाईने माप घेणाऱ्याकडे या कामासाठी जाऊ नये.

पहिले तीन आठवडे डोळ्यात कुसळ गेल्यासारखे वाटत होते. पुण्याच्या रस्त्यावरची धूळ लेन्सखाली शिरली की डोळ्यांतून घळाघळा पाणी येते, म्हणून मी बाहेर साधा गॉगल लावतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही आणि घालून झोपायचे नाही, ही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात.

वाचायला बसल्यावर मला फारसा फरक जाणवत नाही, आणि फक्त वाचनासाठी मी एवढा खटाटोप केलाही नसता. थांब्यावर येणाऱ्या बसचा क्रमांक मात्र आता ती समोर उभी राहण्याआधी वाचता येतो.